पहिली वेलांटी

"हे बघ, झालं का बरोबर?" असं म्हणून आईनं फोन माझ्यापुढे धरला, तेव्हा माझ्या हातात लाल पेन होतं आणि चौतिसावी उत्तरपत्रिका पुढ्यात होती.

रविवार होता. सकाळच्या एसटीनं मी सांगलीहून विट्याला आले होते, दर रविवारी यायची तशी. आईच्या गोळ्या आणायच्या, तिच्याबरोबर जेवायचं आणि चारच्या गाडीनं परत जायचं. त्या दिवशी पिशवीत बी.एड.च्या सत्तावन्न उत्तरपत्रिकाही होत्या. मी अध्ययनाचं मानसशास्त्र शिकवते. शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींना, माणूस शिकतो कसा, ते सांगते. त्या वर्षीचा दहा मार्कांचा प्रश्न होता, 'भीती आणि अध्ययन यांचा संबंध सोदाहरण स्पष्ट करा.'

मी फोनकडे बघितलं. आईनं लिहिलं होतं:

शिशकला आली. वांगी िचरली.

दुसऱ्या वाक्यात ठिपक्यांचं एक गोल वर्तुळ आलं होतं आणि त्याच्यावर एक वेलांटी एकटीच बसली होती.

"आई, ही शिशकला कोण?"

"तू."

"मी शशिकला."

"तेच मारलंय मी."

"ते नाही आलेलं. आणि हे ठिपके कसले?"

"मला काय विचारतेस? तुझा फोन," आई म्हणाली. फोन मीच दिला होता तिला, दिवाळीत. त्यातलं काही बिघडलं की तो माझा व्हायचा.

"तू चुकीचं दाबलंस."

"नाही. मी बरोबर मारलंय." आई दाबलं म्हणायची नाही. मारलं म्हणायची. एकतीस वर्षं तिनं बसस्थानकासमोर कापड दुकानाच्या माडीवर टायपिंगचे वर्ग घेतले होते. बारा मशीन, सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत, तासाला एक तुकडी. तालुक्यातल्या निम्म्या कचेऱ्यांतले कारकून शेटे मॅडमच्या हाताखालून गेले होते. मग परीक्षा संगणकावर गेल्या. लोकांनी सांगितलं, मॅडम, चार संगणक घ्या, बाकी तेच आहे. आई एकदा तालुक्यातल्या दुसऱ्या एका इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन बघून आली, आणि त्या महिन्याच्या शेवटी तिनं पाटी उतरवली. अकरा मशीन भंगारात गेली. एक मराठी मशीन घरी आलं आणि खिडकीखाली, निळ्या कापडाखाली, गप्प बसलं.

"बरोबर मारलंस आणि चूक उमटलं, असं कसं होईल, आई?"

"ते तू सांग. तू प्राध्यापक."

मला त्या दिवशी डोकं दुखत होतं. आठवडाभर तासिका, त्यात तपासणी, त्यात दीड तासाचा एसटीचा प्रवास. मी हात पुढे केला. "दे इकडे."

आईनं फोन दिला. तिनं लिहिलेलं मी पुसलं आणि चार सेकंदांत पुन्हा लिहून दाखवलं. "हे बघ, असं."

"तू केलंस. मी कुठं केलं?"

"बघितलंस ना?"

"बघून येतं होय?" तिनं फोन परत घेतला, पण बोट काचेच्या वरच थांबवलं. हे मी दिवाळीपासून बघत होते. बोट वर अधांतरी, आणि चेहऱ्यावर गरम तव्याला हात लावायच्या आधीचं काहीतरी. "मशीनवर बोट मारलं की आवाज येतो. कळतं, उमटलं. ह्या काचेला हात लावला की काही परत येत नाही. आणि आलं की भलतंच येतं."

भलतंच एकदा आलं होतं. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तिचा नंबर शोधून तिला एका गटात घेतलं होतं. एकशे बारा माणसं. फेब्रुवारीत सगळ्यांनी विट्यात जमायचं ठरवलं होतं, आणि रोज कोणीतरी लिहायचं, मॅडम, दोन ओळी लिहा ना. आई सगळं वाचायची, कोणाला मुलगी झाली, कोण निवृत्त झालं, मला फोनवर सांगायची, पण लिहायची नाही. एका सकाळी तिचं बोट कुठं तरी टेकलं आणि गटावर तिच्या कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकू गेल्या. वर तिचाच आवाज, "अगं बाई, हे काय झालं." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. प्रेमानंच हसले होते सगळे. आईनं चार दिवस फोन बंद करून डब्यांच्या फळीवर ठेवला.

"हसले म्हणून काय झालं?" मी तेव्हा विचारलं होतं.

"शशी, ह्यांच्या चुका मोजल्यात मी. एकेकाच्या. आता ह्यांच्यासमोर टायपिंगची बाई चुकीचं टाईप करणार?"

तिच्या वर्गाची एक रीत होती. कागद संपला की मुलानं तो रोलरमधून काढायचा, उभं राहायचं आणि विचारायचं, "मॅडम, किती?" आई लाल पेन्सिलीनं खुणा करत जायची आणि तळाला आकडा घालून तो मोठ्यानं सांगायची. "अकरा." "सात." ओरडायची नाही, कौतुकही करायची नाही. नुसता आकडा. लहानपणी मी कोपऱ्यात बसून अभ्यास करायची, आणि दिवसभर ते कानांवर पडायचं. मॅडम, किती? नऊ. मॅडम, किती? चार. क्वचित कधीतरी, शून्य. मग क्षणभर बाराही मशीन थांबायची.

मी स्वतः तिच्याकडे इंग्रजी टायपिंग शिकले. मराठी शिकले नाही. मला कारकून व्हायचं नव्हतं.

"आई," मी त्या रविवारी म्हणाले, आणि पेन पुन्हा उचललं. "राहू दे ना. तुला जे लिहायचं ते मला फोनवर सांगत जा. मी तुझ्या नावानं टाकत जाईन. उगाच कशाला त्रास?"

तिनं फोनची काच पदरानं पुसली.

"आणि लिहायचंच असेल तर माझं नाव तरी नीट लिही गं. स्वतःच्या मुलीचं नाव आहे."

हे मी हसत म्हटलं होतं. नऊ वर्षं होतील आता. हसत म्हटलं होतं, हे मी स्वतःला अनेकदा सांगून बघितलं आहे.

आईनं फोन पालथा ठेवला आणि उठून वांगी फोडणीला टाकली. जेवताना तिनं विचारलं, "पोरं काय लिहितात पेपरात?"

"सगळे तेच लिहितात. शिकणाऱ्याच्या हातातलं काम काढून घेऊ नये. चुकण्याची भीती घालवावी. माझ्याच नोट्स आहेत."

"मग मार्क?"

"द्यावे लागतात. बरोबर आहे ते."

"पाठ केलेलं बरोबरच असतं," आई म्हणाली आणि माझ्या पानात अजून एक वांगं वाढलं.

चार वाजता ती मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली. पायांत चपला अडकवल्या होत्या, केस जेवणानंतर पुन्हा विंचरलेले नव्हते. "सतरा राहिलेत तुझे. गाडीत तपासू नको, डोळे जातात," म्हणाली. मी मागे वळून बघितलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या रविवारी यायचंच होतं.

मंगळवारी सकाळी, दोन तासिकांच्या मधे, तिचा निरोप आला. अकरा वाजून बारा मिनिटं. पहिलाच शब्द शिशकला होता आणि खाली ठिपक्यांची ती वर्तुळं. मी पुढचं वाचलं नाही. पावणेएकला चहाच्या टेबलावरून मी तिला लिहिलं, 'आई, काही कळत नाहीये. संध्याकाळी फोन करते.' खाली दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे तिनं ते वाचलं.

साडेतीनला शेजारच्या पाटीलकाकूंचा फोन आला. आई दुपारी आडवी झाली होती ती चहाला उठली नव्हती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, काही कळलंही नसेल.

पुढचे दिवस माणसांचे असतात, आपले नसतात. भाऊ बंगळूरहून आला आणि तेरावं उरकून गेला. मी रजा वाढवली. भांडी वाटली, साड्या काढल्या, गोळ्यांची पाकिटं फेकली. फोन तेवढा तसाच राहिला. आईचाही, आणि माझ्या फोनातलं तिचं पानही. त्या पानावर सगळ्यात खाली माझं वाक्य होतं, संध्याकाळी फोन करते. ते पुन्हा बघायला लागू नये म्हणून मी ते पान उघडतच नव्हते.

पंधराव्या दिवशी दुपारी शाहीन अत्तार आली. पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी लहान. लग्नाआधी तिनं आईकडे दोन वर्षं टायपिंग केलं होतं आणि नंतरही येत-जात राहिली होती. ती आली, आईच्या फोटोसमोर जरा उभी राहिली, मग खुर्चीच्या कडेवर बसली.

"ताई, एक विचारायचं होतं. नाही म्हणालात तरी चालेल."

"बोल ना."

"फेब्रुवारीतला कार्यक्रम आम्ही करतोय. मॅडमसाठीच आता. तेव्हा ते मशीन तिथं ठेवावं म्हणतात सगळे. एक दिवस. मी परत आणून देईन."

"घेऊन जा. चालतं का बघ आधी."

तिनं निळं कापड काढून चौकोनी घडी घातली. रोलरवर फुंकर मारली, रिबन बोटानं चाचपली, माझ्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद चढवला. मग माझ्यासाठी खुर्ची सरकवली. "तुम्ही मारा ताई. तुमचं नाव मारा. मशीनला घरचाच हात लागू दे पहिला."

मी बसले. मराठी की-बोर्ड मला पाठ नव्हता. शोधून शोधून एकेक की मारली. श. पुन्हा श. मग पहिली वेलांटी. मग क, ल, काना. आवाज सगळ्या खोलीत भरला. कागद वर सरकवून मी बघितलं.

शशकिला.

"हे बिघडलंय गं," मी म्हणाले. "मी बरोबर मारलं."

बोलताना मला ऐकू आलं की हे वाक्य माझं नाही.

शाहीन पदराआड हसली. "बिघडलं नाही ताई. वेलांटी आधी मारायची. मशीनला काय, जे आधी मारलं ते डावीकडं उमटतं. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडं असते ना. म्हणून आधी वेलांटी, मग अक्षर. श, मग वेलांटी, मग दुसरा श. तुम्ही फोनसारखं मारलंत. फोनवर उलटं, अक्षर आधी."

मी कागदावरच्या वेलांटीवर बोट ठेवलं.

"आणि फोनवर मशीनसारखं मारलं तर?"

"तर वेलांटी मागच्या अक्षराला जाऊन चिकटते. मागं कोणी नसलं तर ठिपक्यावर बसते बिचारी. आमचं सगळ्यांचं झालंय ताई, पहिले पहिले. हात एकदा बसला की बसला."

"शिशकला," मी म्हणाले.

"हां. अगदी."

मी खुर्चीत मागे टेकले. त्या रविवारी मी उमटलेलं बघितलं होतं. तिची बोटं बघितली नव्हती. मुलांनी की बघू नयेत म्हणून आई त्यांच्या हातांवर निळं कापड टाकायची, मग स्वतः त्यांच्या बाजूला वाकून कापडाखाली बघायची. नवीन मुलगा कागदाकडे बोट दाखवून रडकुंडीला आला की म्हणायची, कागद नंतर बघू, आधी बोटं दाखव. मी हे हजार वेळा ऐकलं होतं. एकदाही नोट्समध्ये लिहून दिलं नव्हतं.

"आईला हे कळलं होतं का?" मी विचारलं. "कुठं चुकतंय ते?"

शाहीननं रोलरवरून बोट फिरवलं. "सोमवारी कळलं. मॅडम गेल्या त्याच्या आदल्या दिवशी. ऑफिस सुटल्यावर मी आले होते. मॅडमनी दारातच सांगितलं, शाहीन, शिकव मला, पण माझ्या फोनला हात लावायचा नाही. मी तुझ्या मशीनला कधी लावला नव्हता."

"मग?"

"मग मी बसले हात मागं बांधून. मॅडम मारत होत्या, मी बोटं बघत होते. दोन मिनिटांत कळलं मला. सांगितलं, मॅडम, इथं वेलांटी नंतर. तर इतक्या हसल्या, इतक्या हसल्या. म्हणाल्या, म्हणजे मी बरोबर होते, फक्त मशीन दुसरं आहे. मला वाटत होतं माझं डोकंच गेलं." शाहीननं घडी घातलेलं कापड मांडीवर घेतलं. "मी म्हटलं, आठ दिवस सराव करा, मग गटावर लिहा. तर म्हणाल्या, एकतीस वर्षांची बोटं आठ दिवसांत कुठली वळतात. ती वळतील तेव्हा वळतील. तोवर काय गप्प बसू?"

"आणि लिहिलं?"

"तुम्ही बघितलं नाहीत?"

मी मान हलवली. तिनं स्वतःचा फोन काढला, बरंच मागे गेली आणि माझ्या हातात दिला. मंगळवार, सकाळी दहा पन्नास.

सगळ्यांना नमस्कार. मी शेटे मॅडम. मला िलहायची भीती वाटत होती. आज िलिहते आहे. कोणी िकती चुका ते सांगा.

त्याखाली बघत गेले. पहिलं उत्तर एका मिनिटानं आलेलं होतं, खानापूरच्या कुणा तलाठ्याचं. 'शून्य, मॅडम.' मग पुढचं. शून्य. शून्य. मॅडम, शून्य. मी बोटानं वर सारत राहिले तरी ते संपेनात. कोणी हसरा चेहरा टाकला नव्हता.

"आम्हाला वाचायला काही अडचणच नाही ना," शाहीन म्हणाली. "आमची बोटं तीच. वाचताना मनातल्या मनात मारून बघितलं की बरोबरच येतं." मग तिला काहीतरी जाणवलं असावं. "तुम्हाला नाही कळायचं ताई. तुम्ही इंग्रजी केलेलं."

ती साडेपाचला गेली. मशीन नेण्यासाठी रविवारी भावाला घेऊन येते म्हणाली. जाताना कापड पुन्हा घालायला निघाली, तर मी म्हटलं, राहू दे.

मी दिवा लावला. चहा केला, आणि तो तसाच ठेवला. मग खिडकीखाली मशीनसमोर बसले, माझा फोन घेतला आणि आईचं पान उघडलं. सगळ्यात खालचं माझं वाक्य अंगठ्यानं झाकलं. वरचं तिचं होतं. डोळ्यांनी वाचलं तर पुन्हा पहिल्या शब्दाशीच अडखळले. मग फोन मशीनच्या कडेला टेकवून ठेवला आणि तिनं लिहिलेलं, तिच्याच क्रमानं, कागदावर मारायला लागले. तिचे शब्द जसे होते तसे, डावीकडून उजवीकडे, काही न सुधारता. एकेक की शोधायला वेळ लागत होता. वेलांटी, मग अक्षर. मधे एकदा चुकले आणि हात थांबला. मग पुढे मारत गेले. बराच वेळ लागला. कागद वर सरकवला तेव्हा त्याच्यावर ठिपक्यांचं एकही वर्तुळ नव्हतं.

'शशिकला, आज गटावर पहिला निरोप मी एकटीने लिहिला. तुझं नाव नीट लिहायला शिकते आहे. चुका मोज आणि संध्याकाळी सांग.'

कागद मी रोलरमधून काढला. खुर्ची मागे सारून उभी राहिले, कारण आईच्या वर्गात कागद हातात घेऊन बसलेलं मी कधी कोणाला बघितलं नव्हतं. दूर बसस्थानकावर कराड गाडीची घोषणा चालली होती. संध्याकाळच होती.

"शून्य, आई," मी मोठ्यानं म्हणाले.